महिपततात्याचा अंदाज

एकोणीसशे त्र्याण्णव साली मी चाळीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडं स्वतःचा ट्रक होता. शिरूरच्या मार्केट यार्डातून कांदा भरायचा आणि सांगतील तिथं नेऊन टाकायचा, हा माझा धंदा. शाळा माझी तिसरीत सुटली. मेंढरांमागं जायचं होतं म्हणून सुटली, डोकं नव्हतं म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या लिहिण्यात चुका निघतील. ज्याला निघतील त्यानं त्या आपल्या मनात ठेवाव्यात.

लिहायचंय ते महिपततात्याबद्दल. तात्या माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला कायम अहो-जाहो केलं. कागदावर एकेरी लिहितोय, कारण गेलेल्या माणसाला अहो म्हटलं की तो लांब जातो.

शिक्रापूर आणि रांजणगावच्या मधल्या एका गावात तात्याची जमीन होती. पण त्याचं नाव जमिनीमुळं नव्हतं. आमच्याकडं लग्न ठरलं की आधी भटजीला मुहूर्त विचारायचे आणि मग तात्याला अंदाज. किती माणूस जेवणार, त्याला गहू किती, डाळ किती, गूळ किती, मांडव केवढा आणि त्याचं तोंड कुठं, हे सगळं तात्या सांगायचा. पैसे घ्यायचा नाही. एक नारळ आणि टोपी घ्यायचा, आणि टोपी चांगली नसली तर तसं तोंडावर सांगायचा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत त्याच्या अंदाजाची पंगत कधी उपाशी उठली नाही की कधी अन्न उकिरड्यावर गेलं नाही.

लग्नाच्या दिवशी तो मांडवात नसायचा. गावाच्या वाटेवर उभा राहून येणाऱ्यांच्या पायांकडं बघायचा. मला म्हणायचा, "बिऱ्या, चालत आलेला माणूस आन् जीपमधनं उतरलेला माणूस एक धरू नको. चालत आलेला दुसऱ्यांदा भात मागतो." माझं नाव बिरदेव. तात्या ते पुरं घ्यायचा नाही.

एकदा दौंडकडं एका बड्या माणसाच्या मुलीचं लग्न होतं. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे. आदल्या दिवशी संध्याकाळी भाऊसाहेब आचाऱ्याच्या चुलाण्यापाशी आले.

"तात्या, बुंदीचा आजून एक घाणा काढा. माणूस लई येणार हाय."

"न्हाई लागत."

"आवो, पावणं मोठं हायती. कमी पडलं तर माझं नाक जाईल."

"नाक तुमचं हाय, अंदाज माझा हाय. गेलंच तर माझं कापून लावा."

तात्याचं नाक चांगलंच लांब होतं. आचारी झाऱ्या हातात धरूनच म्हणाला, "भाऊसायेब, घ्या लगीच. फायद्यात जाताय." भाऊसाहेबांनाही हसू आलं. दुसऱ्या दिवशी शेवटची पंगत उठली तेव्हा कढईत वाढपी आणि आमच्यासारखे गाडीवाले जेवतील एवढीच बुंदी होती. तात्या मात्र लग्नात कधी जेवला नाही. घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी आणि कांदा तो बांधावर बसून खायचा. मी एकदा कारण विचारलं. "पोट भरलं की नजर मंद व्हती," म्हणाला. गर्व होताच त्याला. मलाही आहे. म्हणूनच आमचं जमायचं आणि म्हणूनच भांडणही व्हायचं.

त्या त्र्याण्णव साली लातूरकडं भूकंप झाला. गणपती बोळवून लोक दमून निजले होते आणि पहाटे घरं अंगावर आली. बातमी आली तशी आमच्याकडं घराघरातून माणसं निघाली. कुणी बाजरी आणली, कुणी पीठ, कुणी घोंगडी, कुणी लुगडी. दौंडच्या एका मांडववाल्यानं आपली सगळी कापडं देऊन टाकली. शिरूरला यार्डात बैठक बसली. एक जण म्हणाला, आंधळेपणानं गाड्या पाठवू नका, आधी कुणीतरी जाऊन खायला काय लागतंय, निवाऱ्याला काय लागतंय ते बघून या. सगळ्यांच्या माना तात्याकडं वळल्या. तात्या उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "बघून येतो."

माझ्या ट्रकमध्ये धान्य आणि मांडवाची कापडं. मागं दौंडचा ट्रक, त्यात बायांनी केलेल्या भाकरी, चटणी, पिठाची पोती. न्हावऱ्यावरनं चौफुल्याला आलो आणि सोलापूर रस्त्याला लागलो. इंदापूरपर्यंत तात्या माझ्या मागं लागला होता.

"बिऱ्या, ट्रक हाकतोस का मेंढरं?"

"मेंढरं बरी. शेजारी बसून बोलत न्हाईत."

सोलापूर मागं पडल्यावर मात्र तो पुढं वाकून काचेतून बघायला लागला. समोरून येणाऱ्या गाड्यांत काय होतं ते दिसत होतं.

पहिल्या गावात पोहोचलो. तिथल्या वासाबद्दल मी लिहीत नाही. पाऊस भुरभुरत होता. ट्रकमधून बरोबर आलेल्या पोरांनी मांडवाची कापडं खाली टाकली. लाल-पिवळी, कडेला सोनेरी झालर. तात्यानं ती पाहिली आणि ओरडला, "झालर काढा आधी."

दौंडच्या ट्रकवरचा एक जण चिडला. "तात्या, पाऊस येतोय आन् तुम्ही झालरी काय काढताय?"

"माती देऊन आलेली माणसं हायती ही. आडवी झाली की वर बघतील. वर झालर दिसू दे का त्यांना?"

सगळ्यांनी भिजत भिजत झालरी उसवल्या. तात्या स्वतः दातानं दोरा तोडत होता.

अंदाज घ्यायची त्याची रीत तिथंही लग्नातलीच. पुढाऱ्यांना विचारायचं नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि बघायचं. माणसं झाडांना लुगडी बांधून त्याखाली बसली होती, बैलगाडीखाली बसली होती. गावची शाळा तेवढी उभी होती. सरकारी माणूस म्हणत होता, शाळेत निजा. कुणी जात नव्हतं. तात्या म्हणाला, "मी निजून दावतो." आत जाऊन तो उताणा पडला, हात छातीवर. तेवढ्यात जमीन हलली. थोडीशीच, पण हलली. तात्या असा पळत बाहेर आला की दारात मला ढकलून पुढं गेला. झाडाखालची एक म्हातारी हसली. त्या गावात ऐकलेलं तेवढंच हसू. तात्या धापा टाकत म्हणाला, "शिरूरला निरोप द्या. भित्ती नकोत ह्यांना. वर पत्रा आन् खाली खांब. बाकी उघडं. मगच निजतील." तो अंदाज बरोबर निघाला. नंतर तिकडं तशाच पत्र्याच्या शेडांत माणसं राहिली.

चुकला तो पुढच्या गावात.

ते गाव नदीकाठी होतं. नाव लिहीत नाही. देवळापुढच्या लिंबाखाली धान्याची पोती रचलेली होती. कुणी कुणी आणून टाकली होती, तोंडं शिवलेली तशीच. तिथून थोड्या अंतरावर एका मोडक्या गाडीखाली एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या मांडीला डोकं लावून चार-पाच वर्षांची एक पोरगी निजली होती. त्याच्या घरातलं बाकी कुणी उरलं नव्हतं.

तात्या वाकून म्हणाला, "काका, जेवला का?"

"जेवलो जी. तुमी जेवलाव का?"

"आन् पोरगी?"

"ती बी जेवली. निजलीय."

तात्यानं पोरीकडं पाहिलं. मला म्हणाला, "निवांत निजलीया बघ." मग पोत्यांवर हात थापटले, दौंडच्या ट्रकपाशी गेला आणि सांगितलं, "हितं खायाला बक्कळ हाय. भाकरीची गाडी पुढच्या गावाला न्या. हितं आपण निवाऱ्याचं बघू." भाकरीचा ट्रक गेला. आम्ही खांब रोवायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कापडं ताणत होतो. तात्या मधेच थांबला. मी विचारलं, काय झालं. तो गाडीकडं बघत होता. पोरगी आदल्या दिवशी निजली होती तिथंच होती, तशीच. तात्या गेला, तिच्या गालाला हात लावला, ओठ बघितले. हलवलं. तिनं डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले.

"काका, काल इचारलं तवा जेवली म्हणालात की वो!" तात्याचा आवाज चढला होता.

म्हातारा हात जोडून म्हणाला, "तुमी पावणे हाव जी. लांबून आलाव. पावण्याला उपाशी हाव म्हणून कसं सांगावं?"

"आवो पण एवढी पोती पडलीत!"

शेजारच्या गाडीखाली एक बाई होती. पदर तोंडावर ओढून ती म्हणाली, "पोती हायती की. चूल कुणी पेटवावी? इथं घर हाय त्या घरात मयत हाय. कडू घास द्यायला शेजार लागतोय, बापा. शेजार कुठाय आता?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मयताच्या घरी आमच्याकडं चूल पेटत नाही. शेजारचे, भावकीतले भाकरी-पिठलं करून आणतात. नुसतं आणून ठेवत नाहीत. जवळ बसतात, हाताला धरतात, एक घास तोंडात घालतात. तो कडू घास. तो कुणी दिला की मग माणूस खातो, नाहीतर ताट पुढं असूनही खात नाही. त्या गावात अख्खं गावच मयताचं घर झालं होतं. द्यायला कुणी उरलं नव्हतं. पिठाच्या पोत्यांना पाठ लावून माणसं उपाशी बसली होती, आणि आम्ही भाकरीची भरलेली गाडी त्यांच्या समोरून पुढं धाडली होती.

हे काय तात्याला ठाऊक नव्हतं? त्याच्या आईच्या वेळी त्याला कडू घास माझ्याच आईनं दिला होता. पण त्यानं जन्मभर हळदीच्या घरांचा अंदाज केला होता. मयताच्या घराचा कधी केला नव्हता.

तो कुणावर ओरडला नाही. आमच्या पोरांना म्हणाला, "आपल्याला सुतक न्हाई. पोती फोडा, चूल मांडा, भाकरी करा. वाकड्या झाल्या तरी चालतील. आन् नुसत्या देऊ नका, भरवा." मग मला म्हणाला, "बिरदेव, गाडी काढा."

पुरं नाव आणि अहो-जाहो, दोन्ही मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला ते आवडलं नाही.

पोरीला मांडीवर घेऊन तो केबिनमध्ये बसला. डॉक्टरांचे तंबू मोठ्या रस्त्याला होते. चिखलातून गाडी नेताना मी त्याच्याकडं बघितलं नाही. तो टोपीच्या कोपऱ्यानं तिच्या ओठांवर पाण्याचा थेंब सोडत होता आणि म्हणत होता, "घे माझे बाई. घे." तंबूतल्या नर्सबाईनं पोरगी उचलून घेतली. विचारलं, "तुम्ही हिचे कोण?"

तात्यानं भिजलेली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "पावना."

"मग बाहेर थांबा."

थांबलो. बऱ्याच वेळानं सांगितलं, मोठ्या दवाखान्यात पाठवतोय, तुम्ही जा. आम्ही गावात परतलो. पोरांनी जाड, कच्च्या-जळक्या भाकरी केल्या होत्या आणि एकेकाच्या जवळ बसून भरवत होती. आमच्याबरोबर मागं राहिलेला दौंडचा एक दांडगा पैलवान गडी त्या पदरवाल्या बाईला "आत्या, एवढा घे, एवढा घे" म्हणत होता आणि स्वतःच रडत होता. तात्या म्हाताऱ्यापाशी बसला. त्यानं घास तोडला. म्हातारा म्हणाला, "पोरगी?"

"दवाखान्यात हाय. बरी हाय. तुमी घ्या."

म्हाताऱ्यानं तात्याच्या तोंडाकडं बघत बघत घास घेतला.

परत येताना सोलापूरला मी मोठ्या दवाखान्यापुढं गाडी लावली. तंबूतल्या लेकरांना तिथंच आणलंय असं रस्त्यात कळलं होतं. म्हटलं, "उतरा तात्या. बघून येऊ." तो उतरला नाही. समोरच्या काचेकडं बघत म्हणाला, "नगं. आत्ता निदान अंदाज तरी हाय. बघितलं म्हंजी तोबी संपला."

मी चिडलो. म्हटलं, मी एकटा जातो. त्यानं माझा दंड असा धरला की बोटं उठली. मी गाडी चालू केली.

त्यानंतर तात्यानं एकाही लग्नाचा अंदाज केला नाही. लोक यायचे, हात जोडायचे. तो म्हणायचा, "माझा अंदाज चुकतो." लोकांना वाटायचं, म्हातारा भाव खातोय. पुढं मंगल कार्यालयं आली, केटरिंगवाले आले, आणि विचारायला येणारे आपोआप थांबले. भाऊसाहेबांनी दुसऱ्या मुलीच्या वेळी गाडी पाठवली होती. तीही रिकामी गेली.

पण एक खोड नवीन लागली. कुणीही "जेवलो" म्हटलं तरी तात्याला खरं वाटायचं नाही. तो सरळ स्वयंपाकघरात जायचा आणि चुलीला हात लावून बघायचा. गरम आहे का गार. सुना लाजायच्या, पाव्हणे चिडायचे. मालनकाकू, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "भावजी, ह्यांना कुठं नेऊ नका बाई. लोकांच्या घरात मांजरावानी शिरत्यात."

रांजणगावला कंपन्या वाढल्या तशा तात्याच्या मुलांनी वावरात भाड्याच्या खोल्या बांधल्या. बिहारची, नांदेडकडची, विदर्भातली पोरंपोरी तिथं राहायची. लॉकडाऊनमध्ये कंपन्या बंद पडल्या आणि खोल्यांची दारं लागली. तात्या तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेला. तोंडाला पंचा बांधून तो एकेका दारावर काठी वाजवायचा. मी लांबून बघत होतो.

आतून आवाज आला, "खा लिया, चाचा."

"दरवाजा खोल."

"सच में खा लिया."

"तेरा खा लिया तेरे पास रख. गॅस दिखा."

गॅसला हात लावला. गार. "झूट बोलता हाय," म्हणून तो मागं फिरला आणि अंगणात तीन दगड मांडले. मुलगा ओरडला, "तात्या, पोलीस दांडकं घालतील." तात्या म्हणाला, "त्यांनी बी जेवून जावं." कंपन्या सुरू होईपर्यंत मालनकाकू आणि सुनांनी तिथं भाकरी थापल्या.

दरवर्षी गणपती गेले की मी त्याला म्हणायचो, चला, त्या गावाला जाऊन येऊ. तो नको म्हणायचा. पण त्या दिवसांत तो त्या पोरीबद्दल बोलायचा, आणि फक्त माझ्याशी. "आता शाळंत जात आसंल." काही वर्षांनी, "आता न्हाती-धुती झाली आसंल." एकदा आम्ही न्हावऱ्याच्या फाट्यावर चहा पीत होतो. समोरून वरात गेली. तात्या कितीतरी वेळ तिकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तिचं लगीन झालं आसंल, न्हाई? माणूस थोडंच आलं आसंल. तिच्याकडचं कोण हाय? दोन पंगतीत उरकलं आसंल." भूकंपानंतर त्यानं केलेला लग्नाचा अंदाज हा एकच. मी मान हलवली. त्यानं चहा तसाच टाकला.

मालनकाकू गेल्यावर तो खचला. गेल्या पावसाळ्यानंतर मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो खोल्यांपुढं बाजेवर होता. अंग वाळलेलं, नाक आणखी लांब झालेलं. मी बाजेवर बसलो. मग तो म्हणाला, "बिरदेव, तुझा अंदाज काय रं?"

कशाचा ते मी विचारलं नाही. तीस वर्षांत त्यानं कुणाचा अंदाज मागितला नव्हता. मी म्हणालो, "जगली."

"ट्रकवाल्याला काय कळतंय अंदाजातलं."

"मग इचारता कशाला?"

तो हसला नाही. माझं मनगट धरलं. त्या बोटांत आता जोर नव्हता. "बघून ये," म्हणाला. "मला आता नुसत्या अंदाजावर जायचं न्हाई."

"आन् वाईट कळलं तर?"

"तर वाईट सांग. लबाड बोललास तर मला कळंल."

"बरं," म्हटलं. उठलो. वाटेच्या वळणावरून मागं बघितलं तर कंपनीची बस येऊन थांबली होती. सेकंड शिफ्टच्या पोरी बसमध्ये चढत होत्या आणि तात्या बाजेवर कोपरावर टेकून, मान उंच करून, एकेकीच्या तोंडाकडं बघत होता. तो मला दिसला तो तेवढाच. मी परत आलो तेव्हा त्याला अग्नी देऊन झाला होता.

तिकडं मला काय कळलं ते अनेकांनी विचारलं. त्याच्या मुलांनीही विचारलं. मी सांगितलं नाही, इथंही लिहीत नाही. ज्याला ऐकायचं होतं तो थांबला नाही. त्याच्याआधी दुसऱ्या कुणाला ते सांगायचा मला हक्क नाही, आणि या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये.

त्याला भेटलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात सांगितलं, दौंडला चाललोय, संध्याकाळी येतो. शिरूर डेपोतून एसटी धरली. चौफुल्याला उतरलो. दौंडची गाडी समोरच लागली होती, कंडक्टर ओळखीचा होता, "चला मामा" म्हणाला. मी त्याला नको म्हणून हात हलवला, रस्ता ओलांडला आणि सोलापूरच्या गाडीला हात केला.